लासलगावचा जुना कांदाभाव एआय एजंटला विचारायचा कसा?

मामांची शेती निफाड तालुक्यात आहे. मे महिन्यात कांदा साठवायच्या चाळी भरून झाल्या की त्यांच्या डोक्यात एकच हिशेब सुरू होतो: हा उन्हाळ कांदा बाहेर कधी काढायचा? लवकर काढला तर भाव हुकतो. उशीर केला तर वजन घटतं, कोंब येतात, सड लागते आणि तेवढ्यात नवा लाल कांदा बाजारात उतरतो. गेल्या वर्षी त्यांनी मला विचारलं, "तुझ्या त्या एआयला विचार ना, मागच्या पाच-सात वर्षांत सप्टेंबरात लासलगावला काय भाव होता?"

प्रश्न एका ओळीचा होता. त्याचं खरं उत्तर मिळवायला मला बऱ्याच संध्याकाळी घालवाव्या लागल्या आणि त्या काळात जे कळलं ते इथे लिहिते आहे. भाव कांद्याचा असो, सोयाबीनचा असो की शेअरचा, जुने भाव एआयकडून मागवताना बहुतेक चुका त्याच त्याच होतात.

पहिली चूक म्हणजे एआयला थेट विचारणं. चॅटमध्ये बोलणारं भाषेचं मॉडेल हे भावांचं रजिस्टर नव्हे. ते प्रचंड मजकूर वाचून शिकलेलं असतं. त्या मजकुरात लासलगावच्या बातम्या असतीलही, पण २०१९ सालच्या १७ सप्टेंबरला कांदा कितीला गेला हे त्याच्याकडे तक्त्यात नोंदवून ठेवलेलं नसतं. तरीही विचारलं की ते एखादा आकडा सांगू शकतं, आणि तो आकडा पटण्याजोगा असतो. क्विंटलला पन्नास हजार असं सांगितलं असतं तर मामांनी लगेच ओळखलं असतं. दोन हजार शंभर सांगितलं की मान डोलते, कारण कांदा त्या भावाने कधी ना कधी गेलेलाच असतो. ते उत्तर स्मरणातून आलेलं नसतं. कांद्याच्या बातमीत साधारण असा आकडा येतो, एवढ्या अंदाजावर ते रचलेलं असतं.

म्हणून एजंट आणि त्याच्या हाताशी दिलेलं टूल लागतं. ही कल्पना गावाकडच्या चिठ्ठीसारखी आहे. बाजाराला निघालेल्या माणसाच्या हातात आपण चिठ्ठी देतो: अमुक बाजार, अमुक माल, अमुक तारीख, भाव विचारून ये. तो माणूस बाजार समितीत जातो, रजिस्टर बघतो, चिठ्ठीच्या मागे आकडे उतरवून आणतो. टूल म्हणजे हा निरोप्या. मॉडेल स्वतः कुठेच जात नाही. ते फक्त ठरलेल्या नमुन्यात चिठ्ठी लिहितं. एक साधा प्रोग्रॅम ती घेऊन सर्व्हरकडे जातो, उत्तर आणतो आणि मॉडेलसमोर ठेवतो. मग मॉडेल ते वाचून आपल्याला मराठीत सांगतं. एजंट म्हणजे अशा चिठ्ठ्या गरजेप्रमाणे एकामागून एक लिहू शकणारं मॉडेल: पहिल्या उत्तरात काही कमी वाटलं तर दुसरी चिठ्ठी, हिशेब करायचा असेल तर तिसरी.

चिठ्ठीचा नमुना प्रत्येक कंपनीचा वेगळा असला तर एका एजंटसाठी बनवलेलं टूल दुसऱ्याला चालत नाही. ही अडचण कमी करण्यासाठी अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, हा खुला नमुना जाहीर केला आणि पुढे इतर मोठ्या कंपन्यांनीही तो स्वीकारला. त्यात टूलने आपलं नाव, आपण काय करतो याचं वर्णन आणि चिठ्ठीत कोणते रकाने भरावे लागतील याची यादी आधीच सांगायची असते. मॉडेल ते वर्णन वाचूनच ठरवतं की हे टूल वापरायचं का आणि रकान्यांत काय भरायचं. त्यामुळे वर्णनाची दोन-चार वाक्यं कोडइतकीच महत्त्वाची ठरतात. 'बाजारभाव देते' एवढंच लिहिलं तर मॉडेल त्यात शेअरचं नाव टाकूनही बघेल. 'महाराष्ट्रातील बाजार समित्यांचे शेतमालाचे दैनंदिन घाऊक भाव, रुपये प्रति क्विंटल, तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने' असं लिहिलं तर निम्म्या चुका तिथेच टळतात.

रजिस्टर कुठे आहे?

कांद्याच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, कारण नोंदी ठेवल्या जातात. केंद्र सरकारचं अ‍ॅगमार्कनेट २००० सालापासून देशभरातल्या बाजार समित्यांचे भाव गोळा करतं. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर राज्यातल्या समित्यांची रोजची आवक आणि दर दिसतात. केंद्राच्या खुल्या डेटाच्या पोर्टलवरून अ‍ॅगमार्कनेटचे आकडे प्रोग्रॅमने मागवता येतात. प्रत्येक नोंदीत साधारण हे रकाने असतात: राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, जात, प्रत, तारीख, किमान दर, कमाल दर आणि मोडल दर.

हा शेवटचा रकाना नीट समजून घ्यायला हवा. मोडल दर म्हणजे त्या दिवशी सर्वांत जास्त माल ज्या भावाच्या आसपास गेला तो भाव. पणन मंडळ त्याला 'सर्वसाधारण दर' म्हणतं आणि हा शब्द मला फार नेमका वाटतो. वर्तमानपत्रात मात्र 'किमान ५००, कमाल १,८०१, सरासरी १,३५०' अशा धाटणीत बातमी येते आणि हाच आकडा 'सरासरी' होऊन बसतो. एजंटने 'सरासरी' हा शब्द वाचला की तो किमान आणि कमालची बेरीज करून दोनने भागायला मोकळा! वरच्या उदाहरणात ते १,१५० येतं, म्हणजे खऱ्या बाजारापेक्षा क्विंटलमागे दोनशे रुपये कमी. किमान दर हा गोल्टी (अगदी लहान कांदा), जोड कांदा किंवा भिजलेल्या मालाचा असू शकतो आणि कमाल दर एखाद्या निवडक ट्रॉलीचा. त्या दोन टोकांच्या मधोमध बाजार असतो असं मुळीच नाही.

आवकही तितकीच महत्त्वाची आहे. समजा एका दिवशी ५०० क्विंटल आवक झाली आणि भाव २,००० निघाला. दुसऱ्या दिवशी २०,००० क्विंटल आली आणि भाव १,२०० वर उतरला. दोन दिवसांची साधी सरासरी १,६०० होते. पण एकूण विकलेला माल धरून हिशेब केला तर शेतकऱ्यांना क्विंटलला सुमारे १,२२० रुपयेच मिळाले. सगळ्या महिन्याची किंवा हंगामाची सरासरी काढताना हा फरक मोठा होतो. म्हणून आवक आणि दर एकाच उत्तरात आणणारं टूल निवडावं किंवा बनवावं. अशा गुणाकार-भागाकारात भाषेच्या मॉडेलवर विसंबूही नये. हजार ओळींची बेरीज त्याच्याकडून 'तोंडी' करून घेतली तर कुठेतरी आकडा निसटतो. हिशेब टूलमध्ये किंवा एजंटने लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये व्हावा, मॉडेलने फक्त निकाल वाचून सांगावा. यात आणखी एक फायदा आहे. सात वर्षांच्या रोजच्या ओळी मॉडेलसमोर ओतल्या की त्याची वाचायची जागा भरते आणि मधल्या ओळींकडे दुर्लक्ष होतं. महिन्यागणिक गोळा केलेली ऐंशी-नव्वद ओळींची यादी ते नीट वाचतं.

नावांचा घोळ

माझी पहिली चिठ्ठी नावापाशीच अडली. बाजार: लासलगाव. यादीत मात्र 'लासलगाव', 'लासलगाव (निफाड)' आणि 'लासलगाव (विंचूर)' अशी तीन नावं निघाली. निफाड आणि विंचूर ही लासलगाव समितीचीच उपबाजार आवारं. एजंटने तिन्ही एकत्र केली, त्यामुळे एकाच तारखेला तीन भाव आले. मग त्याने त्यांचीही सरासरी काढून ठेवली. पुण्याचंही तसंच आहे: पुणे, पुणे-पिंपरी, पुणे-मोशी.

जिल्ह्यांची नावं बदलली, तो गुंता वेगळा. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. जुन्या नोंदी ज्या नावाखाली साठवल्या गेल्या त्याच नावाखाली राहिल्या असतील तर 'धाराशिव, २०१८' असं मागितल्यावर उत्तर रिकामं येतं. एजंट मग प्रामाणिकपणे सांगतो की त्या वर्षी त्या जिल्ह्यात व्यवहारच झाले नाहीत! टूलकडे जुन्या-नव्या नावांची जोडयादी असलीच पाहिजे. शेअर बाजारात हीच अडचण वेगळ्या रूपात भेटते. झोमॅटोचं २०२५ मध्ये इटर्नल झालं, आणि नव्या नावाने २०२२ चा भाव मागणाऱ्याला टूलने आपणहून जुना धागा जोडून द्यावा लागतो.

जातीचं तर विचारूच नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकाच आवारात चाळीतला जुना उन्हाळ कांदा आणि शेतातून नुकताच आलेला लाल कांदा एकाच दिवशी विकला जातो. दोघांचे भाव वेगळे, टिकाऊपणा वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. जानेवारीनंतर रांगडा येतो. कराडच्या नोंदीत 'हालवा' दिसतो, जुन्नरच्या नोंदीत 'चिंचवड', कुठे नुसतं 'लोकल', तर केंद्राच्या तक्त्यात बऱ्याचदा 'इतर'. मामांना उन्हाळ कांद्याचाच भाव हवा होता. चिठ्ठीत जात लिहिली नसती तर नोव्हेंबरचा आकडा दोन वेगळ्या मालांची खिचडी झाला असता.

तारखेचा क्रम आणि एकक या दोन गोष्टी चटकन सांगून पुढे जाते. ०३/०४/२०२४ ही आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकी पद्धतीने ४ मार्च. घाऊक भाव क्विंटलचे असतात, किरकोळ भाव किलोचे, आणि ग्राहक व्यवहार खात्याच्या किरकोळ भावांचं रजिस्टरच वेगळं आहे. टूलच्या उत्तरात प्रत्येक आकड्याशेजारी एकक लिहून यायला हवं, म्हणजे मॉडेलला ओळखत बसावं लागत नाही.

दहाच ओळी

एका संध्याकाळी एजंटने मला २०१८ पासूनचा कल काढून दिला. भाषा स्वच्छ, निष्कर्ष ठाम. मी सहज विचारलं, किती नोंदींवरून? उत्तर आलं: दहा. मी वापरत असलेल्या सेवेत फुकटच्या किल्लीवर (प्रोग्रॅमने आकडे मागवताना द्यायच्या परवान्याच्या कोडवर) एका वेळी दहाच ओळी मिळत होत्या. पुढच्या ओळी मागवायला पुन्हा चिठ्ठी लिहावी लागत होती आणि टूलने ते कुठेच सांगितलं नव्हतं. एजंटला वाटलं, आलं तेवढंच आहे. त्या दिवसापासून मी कोणत्याही टूलच्या उत्तरात सगळ्यात आधी दोन आकडे शोधते: एकूण नोंदी किती होत्या आणि त्यातल्या किती आल्या. हे दोन्ही नसतील तर ते उत्तर मी वापरत नाही.

त्याहून अवघड प्रश्न रिकाम्या दिवसांचा. रविवारी लिलाव नसतात. मार्चअखेरीला हिशेबांसाठी नाशिक जिल्ह्यातले बाजार काही दिवस बंद राहतात, दिवाळीतही राहतात. लासलगावात अमावस्येला कांद्याचे लिलाव न करण्याची जुनी प्रथा होती, ती अलीकडे मोडली. म्हणजे जुन्या नोंदींत महिन्यातून एक रिकामा दिवस पंचांग बघूनच समजतो. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि नाशिकचे लिलाव काही दिवस थांबले. त्याच वर्षी २० सप्टेंबरपासून व्यापाऱ्यांनी पुन्हा बंद पुकारला, तो ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालला. मामांनी विचारलेल्या सप्टेंबरांपैकी एका सप्टेंबरात शेवटचे दहा-अकरा दिवस भावच नाहीत.

या रिकाम्या जागेचं टूलने काय करावं? काही टूल आदल्या दिवसाचा भाव पुढे ओढतात, काही दोन्ही बाजूंच्या भावांमधून सरळ रेघ मारतात, काही शून्य लिहितात. शून्य सर्वांत वाईट, कारण सरासरी काढताना ते खरा भाव म्हणून मोजलं जातं. पण आदल्या दिवसाचा भाव पुढे ओढणंही इथे चुकीचंच आहे, असं माझं ठाम मत आहे. लिलाव झाला नाही त्या दिवशी भाव नव्हता. ज्या भावाने कोणीही कांदा विकू शकलं नाही, तो भाव तक्त्यात लिहिणं म्हणजे त्या दिवसांची अडचण पुसून टाकणं. टूलने रिकामी जागा रिकामी ठेवावी, शेजारी 'नोंद नाही' असं लिहावं, कारण माहीत असेल तर तेही द्यावं.

उलट, विचित्र वाटणारे आकडे टूलने परस्पर गाळू नयेत. डिसेंबर २०१९ मध्ये सोलापूरच्या बाजारात काही मालाला क्विंटलला २० हजार रुपये मिळाल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. त्याच सोलापुरात फेब्रुवारी २०२३ मध्ये एका शेतकऱ्याचा ५१२ किलो कांदा किलोला एक रुपया भावाने गेला आणि गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा चेक पडला. आकडेशास्त्राची नेहमीची चाळणी लावली तर हे दोन्ही भाव 'चूक असावेत' म्हणून बाहेर पडतील. दोन्ही खरे आहेत, आणि कांद्याचा इतिहास समजून घ्यायचा तर हेच दोन आधी बघावे लागतील. तेलाच्या बाजारातही असं घडलं. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा पिंपाला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. 'किंमत शून्याच्या वरच असणार' असं गृहीत धरून लिहिलेल्या प्रोग्रॅमना तो दिवस नोंदवताच येत नव्हता. विचित्र आकड्यावर खूण करावी, तो काढू नये.

सोलापूरच्या त्या चेकमधून आणखी एक गोष्ट दिसते. रजिस्टरमधला दर म्हणजे शेतकऱ्याच्या हाती पडलेले पैसे नव्हेत. वाहतूक, हमाली, तोलाई त्यातून जाते. चाळीत चार महिने ठेवलेल्या कांद्याचं घटलेलं वजनही त्यात दिसत नाही. मेमध्ये १,२०० आणि सप्टेंबरमध्ये १,६०० असे दोन आकडे शेजारी ठेवून एजंट 'थांबल्याने तेहतीस टक्के फायदा' असं लिहून मोकळा होतो. चाळीत पाव माल गेला असेल तर मेच्या शंभर किलोंचे सप्टेंबरात पंच्याहत्तर होतात, आणि त्यांचे १,६०० च्या भावाने १,२०० रुपयेच येतात. म्हणजे चार महिने राखण करून हाती काहीच जास्त आलं नाही. हा हिशेब एजंट करू शकतो, पण घट किती धरायची हे त्याला मामांनीच सांगावं लागतं.

मग पुढच्या सप्टेंबरचा भाव सांगता येईल का, हा प्रश्न लोक विचारतातच. जुन्या भावांतून हंगामाचा आकार दिसतो: उन्हाळ कांदा निघतो तेव्हा भाव दबतो, पावसाळ्याच्या शेवटी साठा कमी झाला की चढायला लागतो. पण ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात पूर्ण बंद झाली, मे २०२४ मध्ये ती अटींसह उघडली, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून ते गेलं. यातली एकही तारीख आधीच्या भावांमध्ये लपलेली नव्हती. म्हणून मी एजंटला दोन टूल दिली, एक भावांचं आणि दुसरं अशा निर्णयांच्या तारखांचं. अंदाज मागत नाही. कोणत्या वर्षी काय झालं आणि त्या वेळी बाहेर काय चाललं होतं, एवढंच शेजारी शेजारी मांडायला सांगते.

शेवटी माझी चिठ्ठी अशी झाली: लासलगाव मुख्य आवार, उन्हाळ कांदा, २०१८ पासून पुढचे सगळे सप्टेंबर, रोजचा सर्वसाधारण दर आणि आवक, आवकेच्या प्रमाणात काढलेली महिन्याची सरासरी, नोंद नसलेले दिवस वेगळे, एकूण नोंदींची संख्या, रजिस्टर कोणतं आणि आकडे कधी आणले ते. एजंटने लागतील तेवढ्या चिठ्ठ्या पाठवल्या, ओळी मोजल्या आणि तक्ता दिला.

तो छापून मी मामांकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला आणि वरचे आकडे सोडून थेट २०२३ च्या रिकाम्या चौकटींवर बोट ठेवलं. "हे बंदचे दिवस," ते म्हणाले. "मी तेव्हा भरलेला ट्रॅक्टर माघारी आणला होता." त्या रात्री मी तक्त्यात 'कारण' नावाचा एक रकाना वाढवला आणि त्यांनी सांगितलेलं पहिल्या ओळीत भरलं. मग ते मागच्या वर्षांकडे वळले आणि मी लिहीत गेले.